पडद्यात बांधलेला कापूस

ओवी, निहार,

गेल्या रविवारी फोनवर ओवी सांगत होती की तिच्या नाचाच्या शाळेला नवी इमारत बांधायची आहे. सध्या तालीम एकीकडे, कपडे दुसरीकडे आणि कार्यक्रम तिसरीकडेच होतात, म्हणून तुम्ही सगळी मुलं घरी केक भाजून विकता आहात. मग तिने विचारलं, "आजी, तुमच्याकडे कुणी असं करतं का?" मी "करतात की" एवढंच म्हणाले आणि फोन तुटला. नंतर गच्चीवर वाळवण काढायला गेले, तर रेल्वेच्या रुळांपलीकडचं रान पांढरं झालेलं. प्रश्न आणि कापूस एकाच आठवड्यात आले, म्हणून लिहायला बसले. कॉलेजात मुलांना निबंध शिकवताना मी सांगत असे, आधी मुद्दे काढा, मग क्रमाने लिहा. मुद्दे काढून पाहिले. ओवी तान्ही होती त्या हिवाळ्याच्या गोष्टी क्रमाने यायला तयार नाहीत. जशा येतील तशा आईकडून वाचून घ्या.

ग्लासगोहून पाहाल तर तुम्हाला हे रान बर्फासारखं वाटेल. पण बर्फ वरून येतो आणि सगळं झाकून टाकतो. कापूस खालून येतो, एकेका बोंडातून, ज्याच्या त्याच्या वेळेने, आणि माती होती तशी काळीच दिसत राहते. मी इतकी वर्षं इथे राहते, तरी दिवाळीनंतरच्या एखाद्या सकाळी बाहेर पाहते आणि हातातलं काम थांबतं. कालच्या हिरव्या झाडाने रातोरात एवढं पांढरं कुठून आणलं?

आपल्या गावात कलाकारांच्या कंपनीला पार्टी म्हणतात. भजनी पार्टी, बँड पार्टी, तशी ही द्वारकाबाईंची पार्टी. द्वारकाबाईंच्या वडिलांचा जलसा होता. बाबासाहेबांची गाणी गात ते गावोगाव फिरत. द्वारकाबाईंनी ती गाणी ठेवलीच, वर भारुडं, पोवाडे, जात्यावरच्या ओव्या असं सगळं मिळवलं आणि बाया-पोरींची पार्टी उभी केली. ढोलकीवर तुकाराम हटकर, घरी मेंढरं राखणारा, उंच, सदा थट्टेखोर. पडदा सांभाळायला नामदेव. एरवी स्टँडजवळ त्याचं सायकलीचं दुकान, पण त्याला "नामदेव सायकलवाला" म्हटलेलं आवडत नसे. "पडदेवाला म्हना, मॅडम."

या पार्टीचं घर मात्र कुठेच नव्हतं. ढोलकी आणि संबळ तुकारामाच्या घरी, मेंढरांच्या वासात. लुगडी, फेटे, घुंगरं शिंप्याच्या माळ्यावर एका ट्रंकेत. पडदा लांबलचक, गुंडाळला की खांबासारखा दिसणारा. तो माझ्या पोर्चमध्ये लोखंडी कड्यांवर आडवा. कार्यक्रम ठरला की पार्टी आधी आपल्याच वस्तू गोळा करत गावभर हिंडायची. तालीम पूर्वी शाळेच्या व्हरांड्यात होई. नवे हेडमास्तर आले आणि तेही बंद झालं. मग लिंबाच्या झाडाखाली, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत. मोटारसायकली थांबायच्या, कुणी शिट्टी मारायचा, आणि एकेका घराने आपली पोरगी परत बोलावली.

सगळ्यात वाईट वाटलं ते रेश्मा गेली तेव्हा. नववीतली पोरगी, पण तिने वरचा सूर लावला की बोलणारी माणसं आपोआप गप्प होत. तिची आजी गयाबाई तिला हाताला धरून घेऊन गेली.

"गाण्याला मी न्हाई म्हणत न्हाई द्वारके," गयाबाई म्हणाली. "पण उघड्यावर? रस्त्यावर? वर पत्रे पडू दे, चार भिंती होऊ दे, मंग मीच आणून सोडते."

द्वारकाबाई त्या दिवशी माझ्याकडे चहाला आल्या आणि बशीतला चहा निवेपर्यंत तशाच बसून राहिल्या. "मॅडम, मह्या गळ्यात हाय तवर कुणाच्या तरी गळ्यात उतरलं पाहिजे," त्या म्हणाल्या. "हा आवाज आता बसू राह्यला. सकाळी तर फुटतच न्हाई." डॉक्टरांनी त्यांना बोलणंही कमी करायला सांगितलं होतं. वडिलांची गाणी त्यांनी कुठे लिहिली नव्हती. गाणं लिहून ठेवलं की माणूस वाचतं, गात नाही, असं त्यांचं मत.

गावाबाहेर कापसातली सरकी काढायच्या जिनिंगचं एक शेड बंद पडलेलं होतं. भिंती धड, छप्पर उडालेलं. मालक जालन्याला राहायचे. ते म्हणाले, संक्रांतीच्या आत पत्रे चढवा, मी शेड पार्टीला लिहून देतो. नाही जमलं तर खताच्या गोदामाला भाड्याने देईन. माणूस वाईट नव्हता. दोन्ही गोष्टी त्याने एकाच सुरात सांगितल्या.

मी माझ्या पद्धतीने सुरुवात केली. शहरातल्या मोठ्या संस्थांना इंग्रजीत सुंदर अर्ज पाठवले. उत्तरंही सुंदर इंग्रजीत आली. तुकाराम म्हणाला, "मॅडम, लई चांगलं न्हाई म्हन्ले बघा ते लोक."

मग द्वारकाबाईंनी ओटीची गोष्ट काढली. कापूस वेचताना बाया कमरेला लुगड्याची किंवा चादरीची झोळी बांधतात, तिला ओटी म्हणतात. बोटं बोंडातून कापूस ओढतात, मागे न बघता ओटीत टाकतात. दुपारपर्यंत प्रत्येक बाई पोटुशी असल्यासारखी दिसायला लागते. आमच्या भागातल्या काही गावांत जुनी रीत होती: वेचणीच्या वेळी बांधावर येऊन जो गाईल, त्याची त्या दिवसाची शेवटची ओटी. ट्रॅक्टर आले, मोबाइलवरची गाणी आली, रीत मागे पडली होती. मोडली नव्हती, कारण मोडायला ती कुणाच्या लक्षात असायला हवी ना.

पहिल्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेले. थंडी होती, दहिवर अजून वाळलं नव्हतं, पानं ओली. दहिवर उतरल्याशिवाय वेचायचं नसतं म्हणून बाया बांधावर ऊन खात बसल्या होत्या. पार्टीला बघून एक म्हणाली, "अगं बया, निवडणूक आली का काय?"

"निवडणूकवाले गातात का?" तुकारामाने ढोलकी गळ्यात अडकवली. "आम्ही मागायला आलो. पण फुकट न्हाई मागत."

बाया रानात उतरल्या. प्रत्येकीने झाडांची आपली पात धरली. द्वारकाबाई बांधावर उभ्या राहिल्या आणि सुरुवातीला आवाज खरोखरच फुटला नाही. खोकला आला. एका बाईने तांब्या पुढे केला. मग त्यांनी खालच्या सुरात, बोलल्यासारखी, पहिली ओळ म्हटली. ढोलकी जपून वाजत होती. दुसऱ्या ओळीला पार्टीतल्या बायांनी साथ दिली, आणि तिसऱ्यांदा तीच ओळ आली ती रानातून आली. वेचणाऱ्या बायांनी ती उचलली होती. कुणी मान वर केली नव्हती, हात चाललेच होते, पण सगळे हात एका ठेक्यात चालले होते.

त्यानंतर काय झालं ते मी तुम्हाला नीट सांगू शकेन की नाही, मला शंका आहे. शेजारच्या वावरातही वेचणी चालू होती. तिथल्या बायांना आम्ही दिसत नव्हतो, मधे तुरीचा पट्टा होता. तुरीपलीकडून ओळ परत आली. आणि थोड्या वेळाने, ओढ्याच्या पलीकडे, जिथे मला माणसंसुद्धा दिसत नव्हती, तिथून ती पुन्हा आली, उशिरा, बारीक होऊन. द्वारकाबाई थांबल्या. गाणं थांबलं नाही. ते रानारानातून पुढे चाललं होतं. काळी माती, पांढरं रान, आणि त्यावरून कुणाचंच नसलेलं एक गाणं. मी कॉलेजात मुलांना उदात्त या शब्दाचा अर्थ समजावून सांगत असे. त्या बांधावर मला कळलं की मी तो शब्द नुसता वापरत होते.

संध्याकाळी मापं झाल्यावर शेतकरी म्हणाला, "शेवटची ओटी पार्टीची." वेचणीची मजुरी किलोवर असते आणि ही ओटी मापात धरली नव्हती. म्हणजे त्या ओटीतला कापूस शेतकऱ्याचा गेला आणि मजुरी बाईची गेली. दोघांनी मिळून दिलं, आणि दोघांनीही ते बोलून दाखवलं नाही.

गयाबाईच्या रानातही आम्ही गेलो. तिचं स्वतःचं थोडं कोरडवाहू रान आहे, ती आणि सून मिळून वेचतात. तिने ओटी गच्च भरून आणली, दाबून दाबून भरलेली, आणि द्वारकाबाईंपुढे रिकामी केली. मागे रेश्मा उभी होती.

"ओटी घे," गयाबाई म्हणाली. "पोरगी न्हाई."

"मी काही म्हन्ले का?"

"तू म्हणत न्हाईस. बघतीस."

दोघी हसल्या. रेश्मा हसली नाही.

तो सगळा कापूस माझ्या पोर्चमध्ये साठत गेला. गाडी बाहेर उभी करावी लागली. मग पुढची खोलीही गेली. तुमची आई त्या वर्षी आली होती, ओवी, आणि तुला नुकतं बसता यायला लागलं होतं. आम्ही तुला त्या ढिगावर बसवलं. तू हसशील असं वाटलं होतं. तू हळूहळू खाली रुतत गेलीस आणि डोळे मोठे करून आमच्याकडे बघत राहिलीस, अगदी गंभीर. तुझा तो चेहरा मला अजून आठवतो, कारण त्या दिवसांत माझाही चेहरा बहुतेक तसाच असायचा.

संक्रांत जवळ आली तेव्हा एकदाच सगळा कापूस परतूरच्या बाजारात न्यायचं ठरलं. ट्रॉली जाळीची होती, आत अस्तर हवं होतं. हंगामात ताडपत्री कुणाकडे रिकामी नसते. आमची शोधाशोध चालू होती, तेव्हा नामदेव पोर्चमध्ये वर बघत उभा होता.

"एवढा पडदा हाय ना," तो म्हणाला.

"पडद्याला धूळ लागंल," तुकाराम म्हणाला.

"चित्राची बाजू आत घेऊ. धूळ लागली तर पाठीला लागंल. मह्या मोराला काही होणार न्हाई."

त्या पडद्यावर महाल होता, बाग होती, कारंजं होतं आणि कठड्यावर बसलेला मोर. फार वर्षांपूर्वी कुण्या पेंटरने पुडीचे रंग सरसात कालवून रंगवलेला, पाणी लागलं की सुटणारा. नामदेव त्याला कधी ओला हातसुद्धा लावू देत नसे. आणि त्याच नामदेवने महालाची बाजू आत घेऊन ट्रॉलीला पडदा लावला, आम्ही सगळ्यांनी मिळून कापूस भरला, वरून पडद्याचीच घडी पांघरली. शेवटच्या वावरांतला कापूस घाईने सकाळीच वेचलेला होता, ओलसर. ट्रॉली पहाटेपर्यंत अंगणात उभी राहिली आणि वरून दहिवर पडत राहिलं. नाटकवाल्यांखेरीज ही चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती. शेतकऱ्याने ओला कापूस भरला नसता, आणि ज्याला पडद्याची काळजी नाही, त्याने चित्राची बाजू आत घेतली नसती.

बाजारात रांग मोठी होती. आमची पाळी आली. नामदेवने दोर सोडले आणि पडदा मागे घेतला.

कापसावर बाग उमटली होती.

सगळी नाही, आणि फिकट. पण एका बाजूला हिरवं होतं, जिथे झाडं होती. मधे महालाचा गुलाबी रंग, कडेला पाण्याची निळी रेघ. आणि कोपऱ्यात, उलटा, पसरट, निळसर असा मोर. हमाल हातातली पोती ठेवून आले. कुणीतरी मोबाइल काढला. मी शाळेपासून म्हातारपणापर्यंत बरीच चित्रं पाहिली, तुमच्याकडच्या संग्रहालयातलीही पाहिली. पण आपणहून झालेलं, कुणीच न काढलेलं चित्र मी ते एकच पाहिलं. त्या क्षणी आमचं नुकसान झालंय हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

व्यापाऱ्याच्या ध्यानात आलं. त्याने ट्रॉलीत हात घातला, कापूस चोळला, बोटं पाहिली.

"बाई, हा कापूस हाय का रंगपंचमी? ह्याचं सूत कोण काढंल? बिलकुल चालणार न्हाई."

"आतला पांढरा हाय," तुकाराम म्हणाला.

"आतला ओला हाय. उतरवू नका. पुढची गाडी येऊ द्या."

नामदेव पडदा हातात धरून उभा होता. त्यावरचा मोर आता नुसती रेघ उरला होता. "गेला," तो म्हणाला, आणि तो कापसाबद्दल बोलत नव्हता. द्वारकाबाई ट्रॉलीच्या चाकाला टेकून खाली बसल्या. त्यांनी आमच्यापैकी कुणालाच बोल लावला नाही. पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "चला, खत ठेवू द्या त्यांना शेडात."

रांगेत मागे गयाबाईची बैलगाडी होती. ती गाडीवरून उतरली, पुढे आली, कापसावरची बाग बघितली, मग द्वारकाबाईंना बघितलं.

"बसली कामून?"

"मंग काय करू?"

"गा."

"इथं? बाजारात? उघड्यावर?" द्वारकाबाईंनी शेवटचा शब्द मुद्दाम ओढला.

 गयाबाईने रांगेकडे हात केला. "हा सगळा वेचलेलाच कापूस हाय ना? मंग हेबी रानच. गाणं झालं की ओटी द्यावीच लागती. द्यायचं का न्हाई ते त्यांचं त्यांनी बघावं. तू गा."

द्वारकाबाई उठल्या. आवाज फाटला. वडिलांचं गाणं होतं, शिकण्याचं आणि माणूस म्हणून उभं राहण्याचं. वरच्या ओळीला आवाज पोहोचेना; तिथे त्या नुसता हात वर करत. दुसऱ्यांदा हात वर गेला तेव्हा ती ओळ लागली, स्वच्छ, उंच. रेश्मा गाडीवर बसली होती. तिथूनच तिने ती उचलली होती. गयाबाईने मागे वळून पाहिलं. मला वाटलं, ती आता ओरडेल. तिने पदर सावरला आणि पुन्हा पुढे तोंड केलं.

गाणं संपलं. मग गयाबाई आपल्या गाडीकडे गेली, दोन्ही हातांनी कवळभर कापूस काढला आणि आमच्या ट्रॉलीशेजारी, झाडलेल्या फरशीवर टाकला. तिच्या मागच्या ट्रॅक्टरवरचा माणूस उतरला. मग जाफराबादेकडून आलेला एक पिकअपवाला, ज्याला आमचं गावही माहीत नव्हतं, त्याने "कशासाठी हाय हे?" असं कवळ टाकल्यावर विचारलं. हमालांनी वाट मोकळी केली. रांग पुढे सरकत राहिली आणि येणारी प्रत्येक गाडी तिथे क्षणभर थांबली. सगळ्यांनीच दिलं असं नाही. काही मान वळवून गेले. त्यांच्याही अडचणी असतील. पण ढीग वाढत होता, कोरडा, पांढरा, आणि त्याच्या शेजारी आमची ती रंगीत ट्रॉली. व्यापारी कमरेवर हात ठेवून बघत होता. शेवटी तो म्हणाला, "बराबर हाय. ह्याचा सौदा करतो. आणि तुमची ती बाग घरी घेऊन जा."

किती पैसे आले ते सांगत नाही. पत्र्यांना पुरले, आणि सुताराने, गवंड्याने आपापली हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, सोडली. संक्रांतीच्या आधी छप्पर चढलं.

रंगीत कापूस खरोखरच घरी आला. पिंजाऱ्यांच्या रशीदभाईंनी तो उन्हात वाळवून, सरकी काढून पिंजला. तो रंग उडून गेला नाही, विरघळून सगळीकडे थोडाथोडा पसरला. त्याच्या गाद्या भरल्या, तालमीला बसायला. आत काय आहे ते नव्या पोरींना माहीत नाही. मी सांगत नाही. कधीतरी उसवेल तेव्हा बघतील.

त्या हिवाळ्यातली आणखी एक दुपार सांगते. शेड तयार झाल्यावर वस्तू आणायचा दिवस. तुकाराम ढोलकी, संबळ, हलगी घेऊन आला. मागे त्याची आई, रिकाम्या खुंटीबद्दल कुरकुरत. शिंप्याने ट्रंक आणली. ती उघडली तर डांबरगोळ्यांचा वास आणि फेट्यांचे रंग एकदमच बाहेर आले. कुणाकडून टाळ, कुणाकडून लाकडी तलवारी, कुणाच्या कोठीतून द्वारकाबाईंच्या वडिलांचं तुणतुणं. इतकी वर्षं कार्यक्रमापुरत्या मोजक्या वस्तू एकत्र यायच्या आणि लगेच पांगायच्या. सगळ्या एका जागी कुणी कधी पाहिल्याच नव्हत्या. जमिनीवर त्या ओळीने मांडल्या आणि ती माणसं आपल्याच सामानाभोवती नव्या जागी आल्यासारखी हळू पावलांनी फिरत राहिली. "एवढं हाय आपल्याकडं?" एक बाई म्हणाली.  मोठ्या देवळांत, मोठ्या सभागृहांत मी कितीदा गेले असेन. पण तसं दबून जाणं मला फक्त तिथे झालं, त्या पत्र्यांखाली, जुन्या टाळांसमोर.

गयाबाईने शब्द पाळला. रेश्माला घेऊन आली, आत डोकावली, वर पत्र्यांकडे नीट बघितलं, आणि "सात वाजता न्यायला येईन" म्हणून गेली. पुढे तीही आत बसायला लागली.

ओवी, तुझ्या शाळेसाठी मी पैसे पाठवते आहे, आईला सांगितलं आहे. केक भाजणं चांगलंच आहे. पण कधी जमलं तर विकताना थोडं नाचूनही दाखव. घेणाऱ्याला आधी काहीतरी देऊन मग मागितलं, तर मागणं जड जात नाही. मला हे सत्तरीच्या घरात कळलं, तुला आत्ताच कळलेलं बरं.

आज या हंगामात पुन्हा रान फुटलं आहे. आता यंत्राने वेचायची बोलणी चालू आहेत. बाया कमी मिळतात, मजुरी परवडत नाही. बांधावर गाणारं कुणी जात नाही. मालकांनी मात्र शब्दाप्रमाणे शेड पार्टीला लिहून दिलं आहे. द्वारकाबाईंचं मागच्या वर्षी घशाचं ऑपरेशन झालं. आता त्या बोलत नाहीत, बोटाने ठेका धरून चूक दाखवतात. त्यांच्या वडिलांची काही गाणी शिकवायची राहून गेली, ती गेली. बाकीची रेश्माला येतात, आणि रोज संध्याकाळी ती दुसऱ्या पोरींना शिकवते.